पाणी खयसून इला?

बोरीवलीच्या आमच्या वाचनालयात त्यांना सगळे प्रॉपर्टीकाका म्हणत. त्यामुळे महिन्यातून एखादा तरी नवा सभासद त्यांना कपाटांच्या मागे घेऊन जायचा आणि हळूच विचारायचा, "दहिसरच्या बाजूला वन रूम किचन आहे का हो एखादं?" काका चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगायचे, "माझ्याकडे राजवाडे आहेत. पण पुठ्ठ्याचे. पाऊस लागला की भिंत हातात येते." विचारणारा माणूस हा कसला दलाल म्हणून गोंधळून परत जायचा, आणि आम्ही तिकडे तोंडात पदर कोंबून हसायचो.

ते गोरेगावच्या एका स्टुडिओत कामाला होते. सिनेमात जे जे सामान दिसतं, कंदील, हुक्का, देवघरातली घंटा, व्हिलनच्या टेबलावरचा टेलिफोन, त्याला तिथे प्रॉपर्टी म्हणतात. ते सामान आणायचं, मांडायचं, शॉट संपला की मोजून आत ठेवायचं, हे काकांचं काम. एका शॉटमध्ये पेला डाव्या हाताला असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो डाव्या हातालाच हवा, म्हणून त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम खडू असायचा. वस्तू ठेवली की तिच्या बुडाभोवती खडूची रेघ. ही सवय ते घरीदारी सगळीकडे घेऊन फिरत. वाचनालयात चहा आला की टेबलावर कपांभोवती पांढरी कडी उमटायची. आपण चहा पिऊन कप कुठेही ठेवावा आणि काकांनी बोलता बोलता तो उचलून कड्यात बसवावा, कानही होता त्याच दिशेला करावा. स्वतः मात्र कधी बसायचे नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे. बसा म्हटलं की म्हणायचे, "खुर्ची मांडायची सवय आहे, बसायची नाही."

त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे शिक्षा होती. एकदा वाचनालयातली आम्ही चौघंजणं गेलो. हिरॉइन मरत होती, आम्ही सगळे डोळे पुसत होतो आणि काका कानाशी कुजबुजले, "बाई, उशी बदलली. मघाशी फुलं होती, आता पट्टे आहेत." मी कॉलेजात शिकवत होते म्हणून ते मला बाई म्हणत. वयाने माझ्या वडिलांएवढे होते, तरी अहोजाहो करायचे.

आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी वाचनमंडळ भरायचं. दहा-बारा माणसं, एक कथा, चहा आणि भांडण. काका दर आठवड्याला एक पुस्तक न्यायचे आणि त्यातल्या सामानाची यादी करायचे. लांबोडकी पुठ्ठ्याची वही, तिच्यात चार रकाने आखलेले: वस्तू, कोणी आणली, कशाच्या कामाला लागली, शेवटी कुठे गेली. गोष्टीतली वस्तू कामाला लागलीच पाहिजे, असा त्यांचा कायदा होता. एका कादंबरीत नायकाने पत्र टेबलावर ठेवलं आणि पुढच्या दोनशे पानांत ते कोणी उचललंच नाही, तर काका दोन दिवस अस्वस्थ होते. "अजून तिथेच आसा ता," ते म्हणाले. अस्वस्थ झाले की त्यांच्या तोंडून मालवणी बाहेर पडायची.

आणि मी? सव्वीस वर्षांची, एम.ए. होऊन तासिकेवर मराठी शिकवणारी. मला तेव्हा प्रतीकांचं वेड लागलं होतं. सकाळी दूध उतू गेलं तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. कथेत दार उघडं असलं की मुक्ती, बंद असलं की घुसमट, आणि किलकिलं असलं तर माझा तो अख्खा शनिवार सत्कारणी लागायचा. साहजिकच काकांचं आणि माझं कधी पटलं नाही. एका कथेत खिडकीत कावळा येऊन बसला होता. मी अर्धा तास मृत्यूच्या चाहुलीवर बोलले. बायका गंभीर झाल्या. काकांनी वही उघडली.

"बाई, कावळा आला तो तेराव्या पानावर. बाराव्या पानावर म्हातारीने बांगडे साफ केले. आतडी खिडकीत टाकली. तो जेवायला आलाय."

सगळे इतके हसले की चहावाल्यानेही आत डोकावून पाहिलं. मी लाल झाले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्या दिवशी वाचनालयालाही कळलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही गोष्ट वाचत नाही. तुम्ही गोदाम मोजता."

 माझा कप उचलून त्यांनी कड्यात ठेवला, एवढंच. घरी येईपर्यंत मला माझ्या बोलण्याची लाज वाटत होती, पण माफी मागायला तोंड उघडेना. आजही तो शनिवार आठवला की कानशिलं गरम होतात.

आता ती कथा सांगते जिच्यावरून आमचं खरं जुंपलं. मुलुंडला राहणाऱ्या एका वयस्क लेखिकेची ती होती. बाईंनी आयुष्यात एकच संग्रह काढला, वीस वर्षांपूर्वी, आणि लिहिणं थांबवलं. कथा जेमतेम पाच पानांची. कोकणातलं एक घर. तरुण विधवा सून आणि सासरा. रोज दुपारी रणरणत्या उन्हात पोस्टमन त्या वाटेने जातो. एक दिवस सून दाराशी पाट ठेवते आणि "पाटावर पेला उपडा घालते." पोस्टमन रोज दाराशी क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. मग एका दुपारी सासरा लवकर घरी येतो. शेवटच्या ओळी मला तोंडपाठ होत्या: "त्यांनी पाट फोडला. उंबरा ओला झाला. ते विहिरीवर गेले आणि आंघोळ करून आले."

बस, संपली गोष्ट.

पाट म्हणजे बसायचा लाकडी पाट हे कोणालाही कळतं. पण जुन्या बोलीत विधवेच्या दुसऱ्या लग्नालाही पाट म्हणतात. विधवा दाराशी पाट मांडते! मला तर खजिनाच सापडला. आमच्या कॉलेजचे प्राचार्य स्वतः समीक्षक होते. त्यांनी या पाटावर एक लेख लिहिला होता आणि तो सगळीकडे वाखाणला गेला होता. मी त्यांच्याही पुढे गेले. उपडा पेला म्हणजे दडपलेली तहान. ओला उंबरा म्हणजे अश्रू. आंघोळ म्हणजे सासऱ्याने आपला अपराध धुणं. चाळीस पानं लिहिली.

वाचनमंडळात काकांनी नेहमीसारखी वही उघडली. "तीन ठिकाणी यादी जुळत नाही. एक, लाकडी पाट फोडला कशाने? घरात कुऱ्हाड नाही. आणि लाकूड फोडतात, मान्य, पण म्हाताऱ्या माणसाला ते एका वाक्यात जमत नाही. दोन, उंबरा ओला झाला. पाणी खयसून इला?"

"ते पाणी नाही काका. ते तिचे अश्रू आहेत."

"उंबरा भिजेपर्यंत? बादलीभर रडली ती?"

"अहो, तसं शब्दशः नसतं ते!"

"बरं. तीन, भरदुपारी म्हाताऱ्याने आंघोळ कशाला केली? सकाळी केली होती. दुसऱ्या पानावर आहे."

वहीतल्या त्या तीन नोंदींपुढच्या जागा दोन महिने कोऱ्या राहिल्या. काका मला जिन्यात गाठायचे, भाजीच्या गाडीपाशी गाठायचे. नमस्कार चमत्कार नाही, एकच प्रश्न, "बाई, पाणी खयसून इला?" सोसायटीतल्या लोकांना वाटायचं, आमच्याकडे नळ गळतोय.

मेच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. लेखिकाबाई पाहुण्या म्हणून यायला तयार झाल्या, प्राचार्य अध्यक्ष आणि मी त्याच कथेवर निबंध वाचणार. जूनमध्ये कॉलेजात मराठीची एक कायम जागा भरायची होती. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅनेजमेंटची दोन माणसं येतायत ऐकायला. पाटाचा मुद्दा जोरात मांड." तीन वर्षं तासिकेवर काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आई तर आतापासूनच कायम नोकरीवाली मुलगी असल्यासारखी शेजारणींशी बोलायला लागली होती.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला आमच्या दाराची कडी वाजली. कडी कसली, दार बडवलं कोणीतरी. मी उघडलं तर प्रॉपर्टीकाका. घामाने निथळत होते, श्वास लागलेला, आणि दोन्ही हातांत लेकरू धरावं तसा एक माठ. माठावर पांढऱ्या रंगात ४१७ असा स्टुडिओच्या यादीतला आकडा. खाली रिक्षावाला अजून वर बघत उभा होता.

"बाई," ते म्हणाले, "पेलो खय उपडो घालतत?"

मला काही कळेना. ते तसेच आत आले, माठ आमच्या उंबऱ्याशी ठेवला, खिशातून एक ताटली काढून त्यावर झाकली आणि दुसऱ्या खिशातून पितळी पेला काढून ताटलीवर उपडा घातला. सवयीने खडूची रेघही मारली.

मग धापा टाकत त्यांनी सगळं सांगितलं.

गावातला सीन होता म्हणे. हिरो उन्हातून येतो आणि पाणी पितो. एक शॉट झाला, दुसऱ्यासाठी काकांनी ओसरीवर माठ पुन्हा मांडला, झाकण ठेवलं, पेला उपडा घातला आणि त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. मग त्यांनी तो माठ उचलला आणि सेटवरून सरळ बाहेर पडून रिक्षा केली. बावीस वर्षांत सेटवरची टाचणीसुद्धा घरी न नेलेला माणूस.

"पाट नाय तो, बाई. माठ. छापणाऱ्याने म चा प केला, ठ चा ट केला. माठ दाराशी ठेवला. पोस्टमन उन्हातून येतो, पाणी पितो, जातो. म्हणून तो थांबतो! म्हाताऱ्याने माठ फोडला. काठी पुरते त्याला, लाथ पुरते. उंबरा ओला झाला." त्यांनी माठावर थाप मारली. "यादी जुळली."

मी पुस्तक आणलं. जिथे जिथे पाट होता तिथे तिथे माठ घालून आम्ही दोघांनी उभ्यानेच पाच पानं वाचली. प्रत्येक वाक्य खटाखट जागेवर बसत गेलं. मला इतका आनंद झाला की मी ओरडणार होते, आणि त्याच वेळी पायांखालची जमीन गेली. चाळीस पानं! सरांचा लेख, मॅनेजमेंट, जून! विधवेचा पाट म्हणून मी जो काही पसारा मांडला होता तो छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कोणा एकाची चूक होती. माठ कोण होतं ते मला चांगलंच कळलं.

"काका," मी म्हटलं, "परवाच्या समारंभापर्यंत हे कोणाला सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी कोणाक सांगूचंय नाय. सामान तुमचा." मग म्हणाले, "पण बाई, तुमका आता ठावक आसा."

आई आतून पाणी घेऊन आली, माठ बघून तिने बुडाला हात लावला. "छान पाझरतोय," म्हणाली. "कुठे मिळाला?"

काकांनी वही काढली होती. पहिल्या दोन नोंदी भरल्या. तिसऱ्या नोंदीपाशी पेन्सिल अडली. "आंघोळीचा मात्र अजून समजत नाय. माठ फोडलान, ठीक. पण आंघोळ कित्याक?"

 मी म्हटलं, "काका, मडकं फोडून माणूस आंघोळ कधी करतो?"

 मडकं स्मशानात फोडतात, मेलेल्या माणसासाठी, आणि मग आंघोळ करून घरी येतात. हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. सासऱ्याने सुनेला एक शब्द सुनावला नव्हता. हात उगारला नव्हता. तिच्या दाराशी मडकं फोडून, आंघोळ करून, तो जिवंत सुनेचं क्रियाकर्म उरकून आला होता.

"भर दुपारी घरात असलं काही बोलू नये," आई म्हणाली आणि पाण्याचे पेले तसेच घेऊन आत गेली.

काका पहिल्यांदाच खाली बसले. आमच्या दारातच, माठाशेजारी. बराच वेळ ते त्या ताटलीवर बोट फिरवत होते. मग वहीत त्यांनी तिसऱ्या नोंदीपुढे काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं. "आंघोळ," असं लिहिलं होतं, आणि पुढे कंसात, "बाईंनी शोधली." मी गोदाम म्हटल्याचं त्यांनी कधी काढलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले, आणि माफीसुद्धा मागितली, पण ती त्यांना ऐकू आली की नाही कोण जाणे. ते लेखिकेबद्दल पुन्हा पुन्हा म्हणत होते, "काय लिवलान बायेन. काय लिवलान."

शनिवारचा अख्खा दिवस मी चाळीस पानं घेऊन बसले. वाचायची की नाही? लेखिकाबाई समोर असणार. त्यांना तर ठाऊकच असणार ना, की त्यांनी काय लिहिलं होतं? मग वीस वर्षं त्या गप्प का? कदाचित काकांचंच चुकत असेल. कदाचित, कदाचित. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला विचारू नकोस. मला तुझी नोकरी हवी आहे." निदान खरं बोलली.

रविवारी सभागृह भरलं होतं. प्राचार्यांनी प्रास्ताविकात पाटाचा दोनदा उल्लेख केला. लेखिकाबाई लहानखुऱ्या, पांढरं पातळ, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. काका मागे दाराच्या चौकटीला टेकून उभे. वही काखेत. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले, चाळीस पानं टेबलावर ठेवली आणि त्यांवर हात ठेवून म्हटलं, "हा निबंध मी मागे घेते. मला बाईंना फक्त एक विचारायचं आहे. तुमच्या गोष्टीत पाणी कुठून आलं?"

सर खुर्चीत पुढे सरकले. कोणीतरी हसलं. लेखिकाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पर्स बाजूला ठेवली.

"माठातून," त्या म्हणाल्या.

 त्या उठून उभ्या राहिल्या. "माझ्या म ला गाठ नसते, ठ चं तोंडही उघडं राहतं. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्यात मी. छापून आलं आणि बघते तर सगळीकडे पाट. मी रडले. दुरुस्तीचं पत्र लिहिलं, ते पाठवायच्या आधी सरांचा लेख आला. लोक घरी येऊन सांगायला लागले, काय प्रतीक योजलंत! मला वाटलं, आपल्यापेक्षा हा पाटच हुशार दिसतोय. पत्र फाडून टाकलं. मग पुन्हा लिहावंसंही वाटलं नाही." त्यांनी पदर सावरला. "तो माठ माझ्या आत्याच्या दारातला होता. फुटला तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या दिवसानंतर घरातलं कोणी तिच्याशी बोललं नाही. वीस वर्षांत मला पाण्याचं कोणी विचारलं नव्हतं. तुला कसं सुचलं गं?"

"मला नाही सुचलं," मी म्हटलं आणि मागे बोट दाखवलं.

सगळ्या माना वळल्या. काका इतके घाबरले की त्यांनी चौकट दोन्ही हातांनी धरली. बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पेला उपडा होता," काका म्हणाले.  बाई खाली उतरल्या, दोन रांगांमधून चालत त्यांच्यापर्यंत गेल्या आणि ती लांबोडकी वही मागून घेऊन तिथेच उभ्याने वाचायला लागल्या. तेवढा वेळ समारंभ थांबला.

प्राचार्यांनी समारोपात मुद्रणदोषांतूनही कसे मोठे अर्थ हाती लागतात यावर सुरेख भाषण केलं आणि टाळ्याही घेतल्या. जूनमध्ये कायम जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मी एक दिवस मोरीत नळ सोडून रडले, आईने आठ दिवस अबोला धरला, आणि मग मुलुंडच्या एका कॉलेजात मला तासिका मिळाल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या शुक्रवारी उंबऱ्यावर मला जे मिळालं होतं ते त्या नोकरीत मिळालं नसतं, हेही तेव्हाच कळत होतं.

काकांना स्टुडिओने आठ दिवस घरी बसवलं. हिरो तहानलेला उभा आणि माठ गायब, म्हणजे दुसरं काय होणार. त्या सिनेमात अजून ते दिसतं. एका शॉटमध्ये ओसरीवर माठ आहे, पुढच्यात तिथे पितळी कळशी. "माझी एकच चूक," काका सांगायचे, "सगळ्यांना दिसते आणि कोणाला कळत नाही." त्यांनी स्टुडिओला नवा माठ आणून दिला आणि चारशे सतरा नंबरचा माठ वाचनालयाच्या दाराशी तिवईवर ठेवला. झाकण, झाकणावर पेला उपडा, आणि भोवती खडूचं कडं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते स्वतः त्यात पाणी भरायचे. कोणी नवीन सभासद विचारायचा, हे कशासाठी? काका म्हणायचे, "तहान लागते म्हणून."

पुढच्या मेमध्ये एका दुपारी मी वाचनालयात पुस्तकं लावत होते. बाहेर डांबर वितळत होतं. पाहते तो दारात प्राचार्य. घामाघूम झालेले, रुमालाने मान पुसत होते. ते आमच्याकडे येत नसत. त्या समारंभानंतर तर कधीच नाही. मी कपाटाआड सरकले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पेला उचलला, माठातून बुडवून पाणी घेतलं आणि घटाघट प्यायले. आणखी एक पेला प्यायले. मग पेला हातात धरून ते नुसतेच उभे राहिले. माठाकडे बघत राहिले, चांगले मिनिटभर. झाकण नीट बसवलं, पेला त्यावर उपडा घातला आणि आत न येताच परत गेले.

चौकटीला टेकून काका उभे होते, मला दिसलेच नव्हते. त्यांनी वाकून पेल्याखालचं खडूचं कडं पाहिलं. पेला बरोबर मधोमध होता. त्यांनी वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "माठ कामाक लागलो."